होडीवरचा फोन कशाने मेला

‘पाणी गेलंय’ या दोन शब्दांशी माझं जुनं वैर आहे. समुद्रकाठच्या माणसाने बंद पडलेला फोन शहरातल्या कुठल्याही काउंटरवर ठेवला, की पलीकडचा मुलगा आधी गाव विचारतो, मग फोनच्या चार्जिंगच्या तोंडात बॅटरीचा झोत मारतो आणि हे दोन शब्द सुनावतो. वॉरंटी तिथेच संपते. आपल्या हातून फोन पाण्यात पडलेला नाही, असं माणूस सांगत राहतो आणि काउंटरवरचा मुलगा पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारतो. अशी हरून आलेली माणसं रेवदंड्याच्या एसटीतून उतरली की तडक माझ्या दुकानात यायची. त्यांचा फोन दुरुस्त करण्याआधी त्यांचा राग उतरवावा लागायचा, आणि ते काम मला कधीच जमलं नाही, कारण तोवर मलाही राग आलेला असायचा.

डोळे साथ देईनात म्हणून गेल्या वर्षी दुकान बंद केलं. तोवर बंदराच्या रस्त्यावर, बर्फाच्या कारखान्याला लागून, एका पत्र्याच्या गाळ्यात मी फोन दुरुस्त करत होते. माहेर माझं माणगावकडचं, भातशेतीचं. आयटीआय करून नवी मुंबईच्या एका कारखान्यात सोल्डरिंगच्या लाइनवर लागले. तिथे आम्ही बायका भिंगाखाली तिळाएवढे भाग बसवत असू. लग्न होऊन इकडे आले आणि हातातली कला गंजू द्यायची नाही म्हणून गाळा घेतला. बाई फोन उघडते म्हणून सुरुवातीला लोक बघायला यायचे. मी त्यांना उभं राहू द्यायची. बघून झाल्यावर बहुतेकांना आपलाही एखादा फोन बिघडलेला आठवायचा.

हे काम बाहेरच्याला कळावं म्हणून एवढंच सांगते. फोनच्या चार्जिंगच्या तोंडामागे तांदळाच्या कणीएवढा एक काळा तुकडा असतो. तो दारावरचा रखवालदार. त्याची कामं दोन. बाहेरून येणाऱ्या विजेचा दाब तो बघतो. पाच व्होल्टच्या आसपास असेल, किंवा फोनने आणि चार्जरने आपसात ठरवून थोडा जास्त घेतलेला असेल, तर आत सोडतो. दाब भलताच चढला तर दार लावून घेतो. दुसरं काम ओळख पटवायचं. वायरीत विजेच्या दोन तारा असतात, तशा मधे आणखी दोन बारीक तारा असतात. त्या दोन तारा पलीकडे एकमेकींना जोडलेल्या सापडल्या तर रखवालदार समजतो की समोर चार्जर आहे, पोटभर घ्यायला हरकत नाही. त्यांच्यावरून काहीतरी बोलणं येऊ लागलं तर समोर कॉम्प्युटर आहे. आणि दोन्ही तारा नुसत्याच लोंबत असल्या, तर समोर कोण आहे ते त्याला कळत नाही. मग तो जपून, घोट घोट घेतो. लोक म्हणतात चार्जिंग स्लो आहे. माझ्या मते ती त्याची अक्कल आहे.

किहीमला नाईक म्हणून एक गृहस्थ आहेत. नारळीच्या बागेत त्यांच्या कॉटेज आहेत. त्यांनी प्रत्येक पलंगाशी भिंतीत यूएसबीचे पॉइंट बसवून घेतले, आणि मुंबईचे पाहुणे कटकट करू लागले की रात्रभर लावून सकाळी फोन अर्धाच भरतो. मला गाडी पाठवून नेलं. मी पॉइंट उघडला. वायरमनने दोनच तारा ओढल्या होत्या, मधल्या दोघी लोंबत होत्या.

“मग जोडा ना ताई त्या एकमेकींना. एक टाका मारला की झालं, असं यूट्यूबवर दाखवतात,” नाईक म्हणाले.

“झालं खरं. पण मागे ओढलीय ती तार घंटीच्या वायरीएवढी बारीक आहे. मी टाका मारला की फोन समजणार समोर दणकट चार्जर आहे, आणि तोंड लावून ओढणार. ती तार भिंतीत तापणार. भिंतीला लाकडाचं पॅनेल आहे तुमच्या.”

“असं काही होत नाही हो. सगळीकडे करतात.”

“सगळीकडे करतात तिथून कोणाला तरी आणा. खोटी ओळख मी देत नाही.”

ते रागावले. चहा सांगितला होता तो आलाच नाही. येताना गाडीही मिळाली नाही, मी मिनीडोर रिक्षाने परत आले. पुढे त्यांनी सगळ्या भिंती फोडून जाड तार घातली, तेव्हा टाके मारायला मलाच बोलावलं, आणि त्या वेळी चहाबरोबर पोहेही होते. असल्या गोष्टींनी माणूस शेफारतो. मी शेफारलेली होतेच.

आता ज्या फोनसाठी हे लिहायला बसले त्याच्याकडे वळते.

आमच्या बंदरात परशा नाखव्याची होडी मोठ्या होड्यांपैकी. नाखवा म्हणजे होडीचा मालक. होडी समुद्रात नेतो तो तांडेल, आणि परशा नाखव्याचा तांडेल होता हिराजी. कमी बोलणारा, अंगाने किडकिडीत, पण भर वाऱ्यात होडी धक्क्याला लावावी तर त्यानेच. नाखव्याच्या मुलाने मुंबईहून होडीसाठी म्हणून एक महागातला फोन आणून दिला होता. तो केबिनमधे कायम चार्जिंगला लावलेला असायचा आणि त्यावर नकाशा चालायचा. पावसाळी बंदीच्या आधीच्या शेवटच्या फेरीत तो फोन मेला. हिराजीने येऊन सांगितलं, चार्जिंगला होता, जागच्या जागी बंद पडला. मुलाने फोन शहरात नेला. तिथून उत्तर आलं, ते मी वर लिहिलेलंच आहे.

म्हणजे हिराजीने फोन पाण्यात पाडला आणि येऊन थाप मारली, असा अर्थ नाखव्याने काढला. तो त्याने मनात ठेवला असता तरी चाललं असतं. त्याने तो धक्क्यावर, जाळी शिवायला बसलेल्या माणसांत सांगितला. वर म्हणाला, तांडेल फोन पाडतो आणि खोटं बोलतो, तो होडीतलं आणखी काय काय पाडत असेल कोण जाणे. नारळी पुनवेनंतर होडी दुसऱ्याच्या हातात देणार, असंही ठरवून टाकलं. आमच्या बंदरावर तांडेलाची सारी पत त्याच्या शब्दावर असते. वारा फिरणार म्हणाला की खलाशी जाळं ओढायला लागतात, का म्हणून विचारत नाहीत. ज्याचा शब्द खोटा ठरला त्याच्यामागून कोण समुद्रात जाईल? दुसऱ्या होड्यांचे नाखवेही हिराजीला बघून दुसरीकडे बघू लागले.

हिराजी तो फोन घेऊन माझ्याकडे आला. नाखव्याच्या मुलाने भंगार म्हणून टाकला होता, तो याने मागून घेतला होता.

“नीट करून हवाय का?” मी विचारलं.

“नीट नको करू. उघर, आन मना सांग पानी हाय का आत.”

मी उघडला. तोंडाशी मीठ होतं, हिरवट गंज होता, आणि तिथली ओल दाखवणारी पांढरी पट्टी लाल झालेली होती. तेवढं बघून शहरातल्या मुलाने निकाल दिला होता. पण आमच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या प्रत्येक फोनच्या तोंडाशी मीठ असतं. माझ्याही होतं. हवाच तशी आहे. आत, बोर्डावर, दुसरी पट्टी असते. ती कोरी पांढरी होती. बोर्ड असा स्वच्छ की कारखान्यातून आत्ता निघाल्यासारखा. भिंग लावलं तेव्हा दिसलं की रखवालदाराच्या पाठीवर टाचणीच्या टोकाएवढा फोड आलाय. मीटर लावला. तो तुकडा पार जळून गेला होता, पण त्याच्या मागचं सगळं शाबूत होतं. बिचारा मरताना दार लावून मेला होता. असं नेहमी होत नाही. बरेचदा तो मरतो आणि दार सताड उघडं राहतं, मग आतलं घर जळतं.

“पाणी नाही,” मी म्हटलं. “दाबाने मेलाय. जबरदस्त दाबाने. होडीवर चार्जर कुठला होता?”

गाडीत लावतात तसला, बाजारातला, बॅटरीवर जोडलेला. हिराजीने तोही पिशवीतून काढून दिला. त्याच्याही आतला भाग फुटलेला. म्हणजे दाब मागून, होडीतूनच आला होता. पण बारा व्होल्टच्या बॅटरीवर एवढा दाब येईल कुठून? मी खोदून खोदून विचारलं. फेरीत कोणी काय केलं, कोणता दिवा लावला, कोणती वायर हलवली. हिराजी सगळं सांगत होता आणि मला काही मिळत नव्हतं. मग त्याने, सांगण्यासारखं काही नाही अशा आवाजात, बॅटरी बदलल्याचं सांगितलं.

“बंद करून बदलली ना?”

“बंद कशाला करायचा? चालू इंजिनाव बदलतान सगले.”

मी हातातला चिमटा खाली ठेवला. इतकी वर्षं मी बंदराला लागून दुकान चालवलं, आणि हे मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे होडीवर दोन बॅटऱ्या असतात, एक इंजिन चालू करायला, एक दिव्यांना आणि वायरलेसला. भरणारा डायनामो मात्र एकच. म्हणून एक भरली की चालू इंजिनावरच तिच्यावर बसवलेली वायरीची पकड, म्हणजे टर्मिनल, हाताने उचलायची आणि दुसरीवर ठेवायची. त्यासाठी टर्मिनल कधी पान्याने आवळतच नाहीत, सैल ठेवतात. भर समुद्रात इंजिन बंद केलं आणि पुन्हा लागलं नाही तर काय, ही भीती. भीती काही खोटी नाही. पण डायनामो जोरात वीज ढकलत असतो आणि ती रिचवून घेणारी बॅटरी तुम्ही एकदम उचलता. मग ती वीज जाणार कुठे? दाब क्षणात कितीतरी पट चढतो आणि वायरीवर जे काही बारीकसारीक लावलेलं असेल त्याच्या डोक्यात बसतो. दिवे दिवसा बंद असतात, ते वाचतात. वायरलेस जुना, दणकट. मरतो तो फोन. इतकी वर्षं माझ्याकडे बंदरावरून आलेले किती फोन या एका सवयीने मेले असतील, आणि त्या सगळ्यांवर पाण्याचा शिक्का बसला.

मी तुकडा बदलला. फोन लागला. हिराजीने त्याच्याकडे धड बघितलंही नाही.

“नाखव्याला ह्या सांगशील?” एवढंच विचारलं.

नाखव्याच्या घरी गेले. अंगणात होडीचा रंग कालवून ठेवला होता. चालू फोन त्याच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, “बाय, तू भातवाली. तुना दर्यातला काय कलतं? माजा बापूस असाच टर्मिनल उचलाचा.”

“तुमच्या वडिलांच्या होडीवर मोबाइल नव्हता, नाखवा.”

हे मी बोलायला नको होतं, असं घरी आल्यावर सगळ्यांनी सांगितलं. मला अजून तसं वाटत नाही. पण नुसत्या बोलण्याने हा माणूस हलणार नाही हे कळलं, म्हणून म्हटलं, होडी पाण्यात उतरवाल त्या दिवशी मला धक्क्यावर येऊ द्या. तुम्ही रोज करता तेच करा, मी फक्त एक दिवा लावणार.

त्या दिवशी सकाळी धक्क्यावर जत्रा जमली. मी गाडीच्या हेडलाइटचा बल्ब डायनामोच्या वायरीवर जोडला आणि सगळ्यांना दिसेल असा काठीला बांधला. इंजिन चालू झालं, बल्ब सरळ जळत होता. “उचला,” मी म्हटलं. नाखव्याने बापाच्या रीतीने, दोन बोटांनी टर्मिनल उचलली. बल्ब भर उन्हात डोळ्याला सहन होईना इतका पांढरा पेटला आणि फट्‌दिशी गेला. काच आतून काळी झाली.

“हेच फोनच्या तोंडात गेलं,” मी म्हटलं. “हिराजीने तेच केलं जे तुम्ही त्याला शिकवलंत.”

नाखव्याने हात पुसले. मग हिराजीकडे न बघता म्हणाला, “चल. पुनवेनंतर ये होरीव.”

“आदी बोल,” हिराजी म्हणाला.

“काय बोलू?”

“फोन मी पान्यात पारला नव्हता. जसा माज्याव बोललास तसाच, ह्या लोकांम्होरं बोल.”

नाखव्याने त्याच्याकडे बघितलं. एवढंच वाक्य होतं. मी मनातल्या मनात ते चार वेळा म्हणूनही टाकलं. पण मालकाने तांडेलाला असं काही म्हणायची आमच्याकडे रीत नाही, आणि परशा नाखवा रीतीचा माणूस. तो होडीवरून उतरला आणि घरी गेला. हिराजीही घरी गेला. माझ्याकडे जळका बल्ब राहिला.

नारळी पुनवेला हिराजी धक्क्यावर आला नाही. होडी नाखव्याच्या जावयाने नेली आणि पहिल्याच फेरीत जाळं गमावून आला. मला मात्र त्या बल्बने बराच उपद्रव दिला. परशा नाखव्याने सांगून ठेवलं होतं, त्या भातवालीकडे कोणी काही न्यायचं नाही. आठवडाभर दुकानात माशी फिरकली नाही. घरचे म्हणाले, जा, माफी मागून ये, एका फोनसाठी एवढं कशाला? कशाला म्हणजे? मला जे भिंगाखाली दिसलं ते दिसलं. ते न दिसल्यासारखं करून मी कोणाकोणाच्या तोंडाकडे बघायचं? मी दुकानाच्या पत्र्यावर खडूने लिहून ठेवलं, ‘चालू इंजिनावर टर्मिनल काढू नका. बॅटरी बदलायचा खटका मिळेल.’ दोन्ही बॅटऱ्या आधी जोडून मगच एक सोडणारा साधा खटका असतो, तो मी मागवून ठेवला होता. दोन-तीन होड्यांनी मागच्या दाराने येऊन नेला. मागच्या दाराने का असेना.

हिराजी त्या दिवसांत दुसऱ्यांची जाळी शिवून देत होता. धक्क्यावरच बसायचा, सगळ्यांच्या नजरेसमोर. मला ते बघवायचं नाही. एकदा मी म्हटलंही, अलिबागकडे ओळख आहे, तिकडे होडी मिळेल. तो म्हणाला, “तिकरं गेलो तं इकरं नाखव्याचा बोलना खरा ठरंल.” मी पुन्हा तो विषय काढला नाही.

मग दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी परशा नाखवा माझ्या दुकानात आला. फोन काउंटरवर ठेवला. मुलाने नवा आणून दिलेला, मेलेला. जावई टिकला नव्हता, म्हणून या खेपेला नाखवा स्वतः होडी घेऊन गेला होता.

मी तो हातातही घेतला नाही.

“मीच उचलली टर्मिनल,” तो म्हणाला. “माज्या हातान्‌.” आणि पुढे, “हातच तसा जातो बाय. कलत असूनशी जातो.”

खरं सांगते, त्या क्षणी मला त्याची दया आली. मोठा माणूस, आणि माझ्या पत्र्याच्या गाळ्यात स्टुलावर आखडून बसला होता. पण दया आली म्हणून मी काही फोन उघडला नाही.

“मला सांगून काय उपयोग, नाखवा? मी तर आधीपासून हेच म्हणतेय. ज्याला सांगायचं तो तिकडे बसलाय.”

मी एका रेडिओचं काम काढलं आणि करत बसले. बाहेर बर्फ फोडायचा आवाज चालू होता, कोळणी टोपल्या घेऊन रांगेला उभ्या होत्या. मग तो उठला. दाराशी गेला, परत आला, फोन उचलला, पुन्हा ठेवला, आणि बाहेर पडला. मीही हातातलं तसंच टाकून मागे गेले. हे मला बघायचंच होतं, खोटं कशाला बोलू.

हिराजी धक्क्याच्या कडेला पाय सोडून जाळं शिवत होता. नाखवा त्याच्यापासून पाचेक हातांवर थांबला. मग होडीवरून होडीला हाक घालावी तशा आवाजात म्हणाला, “हिराजी, तुज्या हातान्‌ फोन पान्यात परला नव्हता.”

हिराजीने सुई थांबवली नाही. वरही बघितलं नाही.

“मना म्हाईत हाय,” तो म्हणाला. “त्यांना सांग.”

मला वाटलं, आता हा पुन्हा घरी जाणार. पण तो हळूहळू वळला, बर्फाच्या रांगेतल्या बायकांकडे आणि जाळी ओढणाऱ्या माणसांकडे तोंड केलं, आणि तेच वाक्य त्याने पुन्हा एकदा, पहिल्यापेक्षा मोठ्याने म्हटलं.